अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या (ऑस्ट्रेलिया) पश्चिमेकडच्या एका गावातलं एकुलतं एक दुकान: साडेतीन स्टार, आणि दीड कुठं कापला ते सांगतो

हे दुकान आवडलं नाही तर पुढचं मोठं सुपरमार्केट २९० किलोमीटरवर आहे, त्यातला बराचसा रस्ता लाल मातीचा, त्यामुळे माझा रिव्ह्यू वाचून दुकानाचं एकपण गिऱ्हाईक तुटणार नाही हे आधीच सांगून टाकतो. नाव मुद्दाम लिहीत नाहीये. गाव लहान, चारशेच्या आत माणसं, दुकान एक, मॅनेजर म्हणजे बाहेरनं कॉन्ट्रॅक्टवर आलेले नवरा-बायको, नाव लिहिलं की सगळं थेट त्यांच्याच अंगावर जाणार. आणि जे खटकलं त्यातलं निम्मं त्यांच्या हातात नाहीच.

मी कोण तर फ्रीज-एसीवाला. मूळ जतचा, सांगलीला आयटीआय, मग पुण्यात काही वर्षं कोल्ड स्टोरेजची कामं, आणि आता अ‍ॅलिसमधनं गाडी भरून नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या अ‍ॅबोरिजिनल कम्युनिट्यांमध्ये, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या गावांत, फिरतो. दुकानांच्या कोल्डरूम, डिस्प्ले फ्रीज, क्लिनिकमधले लसींचे फ्रीज, जे बंद पडेल ते. या गावात दोन वर्षांत सात-आठ चकरा झाल्या, प्रत्येक वेळी तीन-चार दिवस मुक्काम, आणि मुक्कामात खायचं काय तर जे या दुकानात मिळेल ते. म्हणजे मी मेकॅनिक पण आणि गिऱ्हाईक पण, दोन्ही बाजूनं बघितलंय.

कुणी फिरायला म्हणून जाणार असाल तर आधी परमिट काढा, ती त्यांची जमीन आहे, वाटेल तेव्हा गाडी घुसवायला तो काय महाबळेश्वरचा पॉइंट नाही. दारू चालत नाही, गावाच्या वेशीवरच बोर्ड आहे. पंपावर जे पेट्रोल मिळतं ते ओपल, म्हणजे हुंगलं तरी नशा येणार नाही असं बनवलेलं, २००५ पासून या भागात तेच विकतात, गाडीला काही होत नाही, मी दोन वर्षं तेच टाकतोय.

दुकान बाहेरनं बघाल तर गोडाऊन वाटेल. पत्र्याची शेड, खिडक्यांना जाळी, दाराशी सावलीत पाच-सहा कुत्री आडवी पडलेली, त्यांना ओलांडून आत जायचं. आत मात्र गारेगार आणि स्वच्छ, लादी रोज पुसलेली. दाराशी नोटीस बोर्ड, त्यावर फुटबॉलचं टाइमटेबल, क्लिनिकमध्ये डोळ्यांचा डॉक्टर कधी येणार ते, आणि अंत्यविधीच्या चिठ्ठ्या. अंत्यविधीच्या चिठ्ठ्या फार असतात हो. काउंटरवर गावातल्याच पोरी, हळू पण हसतमुख. दुकान गावाच्याच कॉर्पोरेशनच्या मालकीचं, मॅनेजर नोकर, वर संचालक मंडळ गावातल्या म्हातारे-म्हाताऱ्यांचं. नफा झाला तर तो अंत्यविधीला, फुटबॉल टीमच्या ट्रिपला असा गावातच जातो. आपल्याकडच्या विकास सोसायटीसारखं समजा, फक्त इथं चेअरमन गाडी घेऊन मिरवत नाही.

आता भाजी. भाजीवरनंच मी आधी डोकं खाजवलं होतं. ट्रक येतो बुधवारी. बुधवारी दुपारी तीनला गेलात तर खरंच बरी भाजी असते, ब्रोकोली हिरवीगार, टोमॅटो कडक, गाजर, बटाटे, कांदे, सफरचंद, केळी, द्राक्षंपण. मंगळवारी गेलात तर त्याच खणात दोन सुरकुतलेल्या काकड्या आणि पालकाची एक पिशवी, जिच्या तळाशी पाणी सुटलेलं. मी एकदा मंगळवारी तीच पिशवी घेतली, पूर्ण किंमत देऊन, आणि संध्याकाळी उघडली तर आत चिखल. अर्धा स्टार तिथं गेला. शिळा माल उतरत्या किमतीत ठेवायला काय जातं? अर्ध्या किमतीचं स्टिकर मारा, कुणीतरी नेईल, आमटीत घालेल, पण नाही, बुधवारचाच रेट मंगळवारपर्यंत.

किमतीचं म्हणाल तर आईसबर्ग लेट्युसचा एक गड्डा साडेसात डॉलर, कोबीचा पाव तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार. पहिल्यांदा मला वाटलं मॅनेजर लुटतोय. मग हिशोब कळला. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज बरोबर मधोमध आहे, अ‍ॅडलेडपण १५०० किलोमीटर आणि डार्विनपण १५००. भाजी अ‍ॅडलेडहून येते, अ‍ॅलिसला उतरते, परत लोड होते, मग तीनशे किलोमीटर कच्च्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करत इथं. पाऊस झाला आणि रस्ता बंद झाला की ट्रक तिकडंच. टेरिटरीचं सरकार दर थोड्या वर्षांनी एक टोपली ठरवून किमतींचा सर्व्हे करतं, त्यात रिमोट दुकानातली टोपली शहरातल्या सुपरमार्केटपेक्षा साधारण दीडपट महाग निघते, हे आमचं दुकानपण त्यातच. २०२० मध्ये तर कॅनबेराच्या पार्लमेंटनं या किमतींवर चौकशी समिती बसवली होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारनं जाहीर केलं की ३० गरजेच्या वस्तू दीडशेहून जास्त रिमोट दुकानांत शहराच्या भावानं मिळतील. चांगलं आहे. पण दीडपट किमतीतला अर्धा भाग मी माझ्या हातानं रिपेर करतो म्हणून सांगतो, पैसा नुसता डिझेलमध्ये जात नाही. जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, बाहेर ४४ डिग्री, कंडेन्सरच्या कॉइलवर लाल धुळीचा थर बोटभर, कंप्रेसर दम लागल्यासारखा ट्रिप होतो, रात्रीत कोल्डरूम १५ डिग्रीवर, सकाळी अख्खा आठवड्याचा माल मागच्या खड्ड्यात. आणि मेकॅनिक म्हणजे मी, पाच तास लांब. तो माल, माझी चक्कर, माझं बिल, सगळं त्या लेट्युसच्या गड्ड्यावर बसतं.

कोल्डरूमच्या दाराचं रबर मी तीनदा बदललंय. केळी आणि पालेभाजी एकाच खोलीत ठेवू नका, केळ्यातनं निघणाऱ्या गॅसनं पाला पिवळा पडतो, हे मी दर वेळी सांगतो, ते दर वेळी हो म्हणतात, आणि दर वेळी केळ्यांचं खोकं पालकाच्याच डोक्यावर असतं. असो.

आता ज्याच्यासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला घेतला ते.

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट, पेमेंटचा दिवस होता. इथं बऱ्याच लोकांना सरकारी पैसे दर पंधरवड्याला येतात, त्या दिवशी दुकानात जत्रा असते आणि दुसऱ्या आठवड्यात स्मशानशांतता. माझ्या पुढं लाइनीत एक आँटी होत्या, साठीच्या पुढच्या, इथं म्हाताऱ्या बायकांना सगळे आँटीच म्हणतात म्हणून मीपण. ट्रॉलीत पाच किलो मैदा, साखरेच्या दोन पिशव्या, चहाचं मोठं पाकीट, दूध पावडरचा डबा, कांगारूच्या दोन शेपट्या, काउंटरवरचे कोंबडीचे सहा गरम पाय, चिप्सचे दोन मोठे डबे आणि सफरचंदांची एक पिशवी. बिल झालं, कार्डात पैसे कमी पडले. आँटींनी क्षणभर ट्रॉलीकडं बघितलं आणि सफरचंदांची पिशवी उचलून पोरीच्या हातात परत दिली.

मी मनात म्हणलं, झालं, सफरचंद ठेवलं आणि साखर घेतली, मग डायबेटीस होणार नाही तर काय. अगदी आपल्या सोसायटीतल्या वॉकिंग ग्रुपच्या काकांसारखं. बोललो नाही हे नशीब.

बाहेर आल्यावर आँटींनी माझ्या गाडीवरचं शिडी-पाइप बघून विचारलं, तू फ्रिज-मॅन का, आमचा फ्रीज थंड होत नाही, बघतोस का. गेलो. दोन खोल्यांचं घर, व्हरांड्यात गाद्या, मी मोजली तेव्हा चौदा माणसं होती आणि अजून दोघं येणार होती दुसऱ्या गावाहून. स्टोव्हच्या चार बर्नरपैकी एक चालू, ओट्याला कपाटाची दारं नाहीत, नळाखाली बादली. फ्रीजला काहीही झालेलं नव्हतं. कंप्रेसर ठणठणीत, गॅस भरलेला. मीटरमध्ये पैसे नव्हते. इथं वीज प्रीपेड, मोबाईलसारखी, बॅलन्स संपला की घर बंद. आणि तो रिचार्ज कुठं मिळतो, तर याच दुकानात, याच काउंटरवर. म्हणजे चिकन विकणारा पण तोच आणि ते चिकन गार ठेवायची वीज विकणारा पण तोच.

हे एकाच घराचं रडगाणं आहे असं वाटलं तर चुकाल. २०१८-१९ या एका वर्षाचा अभ्यास छापून आलाय, टेरिटरीतल्या २८ कम्युनिट्यांमधली ३३०० च्या आसपास घरं, त्यातल्या ९१ टक्के घरांची वीज वर्षात एकदा तरी तुटली होती आणि जवळजवळ तीन चतुर्थांश घरांची दहापेक्षा जास्त वेळा. उन्हाळ्यात जास्त, कारण एसी लावला की बॅलन्स पळतो. मी कंप्रेसर दुरुस्त करणारा माणूस, मला हे वाचून कसंतरीच झालं, म्हणजे आपण काय दुरुस्त करतोय नक्की.

मग रात्री मुक्कामाच्या डोंग्यात (इथं कंटेनरच्या खोलीला डोंगा म्हणतात, आपल्याकडं डोंगा पाण्यात असतो, मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं) पडल्या पडल्या ती ट्रॉली परत डोळ्यापुढं आणली. मैदा नासत नाही. साखर नासत नाही. चहा नासत नाही. दूध पावडर नासत नाही. शेपट्या संध्याकाळी चुलीत जाणार होत्या. पाय आणि चिप्स गरम, पातेलं लागत नाही, स्टोव्ह लागत नाही, भांडी घासायला पाणी लागत नाही, दारात पोचेपर्यंत पोरांच्या पोटात. त्या अख्ख्या ट्रॉलीत दुसऱ्या दिवशी फ्रीज लागेल अशी एकही वस्तू नव्हती. आणि सफरचंदं? नऊ डॉलरला सहा सफरचंदं, घरात चौदा माणसं, वाटायची कशी? फ्रीजवाल्याच्या हिशोबानं बघितलं तर ती ट्रॉली एकदम करेक्ट होती, माझाच हिशोब चुकीचा होता.

त्यात आणखी एक, इथं मागितलं की द्यायचं. भाऊ आला, मावशीचा पोरगा आला, फ्रीज उघडला, जे आहे ते त्याचंपण. नाही म्हणायचं नाही, ते नात्यातच बसत नाही, आणि उद्या तुमच्याकडं नसेल तेव्हा तुम्हीपण तसंच खाता. फार झालं की तेच लोक हसत हसत त्या सारख्या मागण्याला हमबग म्हणतात. अशा घरात महिन्याचं वाणसामान एकदम भरणारा माणूस म्हणजे चार दिवस अख्ख्या गल्लीला जेवण घालणारा माणूस. आठवड्याचा डाएट प्लॅन फ्रीजवर चिकटवणाऱ्यांनी हे आधी बघावं. फ्रीज चालू असेल तर.

मैदा-साखर-चहाचं तर अजून जुनं आहे. आँटींना मी नंतर विचारलं की आधीपासून हेच खाता का, तर त्या म्हणाल्या, रेशन. एवढंच. मग मी शोधून शोधून वाचलं. चर्चचं मिशन असो, गुरांचं स्टेशन (म्हणजे गुरं पाळायचं अवाढव्य कुरण) असो, नाहीतर सरकारी वसाहत, १९ व्या शतकापासून ते पार १९६० च्या दशकापर्यंत या लोकांना कामाचा मोबदला म्हणून किंवा नुसतंच एका जागी बसवून ठेवायला मैदा, साखर, चहा आणि तंबाखू वाटायचे. वसाहतींमध्ये तर मोठ्या सामाईक जेवणघरात सगळ्यांना एकत्र खायला घालायचे, म्हणजे घरात स्वयंपाकघर हवंच कशाला. वेव्ह हिल स्टेशनवरचे गुरिंजी लोक व्हिन्सेंट लिंगियारींच्या मागं १९६६ मध्ये काम टाकून चालते झाले, ते याच असल्या मजुरीवर आणि जमिनीवर. गुरांच्या धंद्यात गोऱ्यांएवढीच मजुरी लागू झाली १९६८ च्या शेवटी. आणि पिंटुपी लोकांमधलं, जुन्या पद्धतीनं रानातच राहणारं शेवटचं नऊ जणांचं कुटुंब गिब्सन वाळवंटातनं बाहेर आलं ते १९८४ मध्ये, म्हणजे वर्ल्डकप जिंकल्याच्या पुढच्या वर्षी. या भागात अशी माणसं आहेत ज्यांनी आयुष्यातला पहिला चमचा साखर मोठेपणी खाल्ली.

मला एकदम आमची आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात जतला खडी फोडायच्या कामावर होती, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशातली लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला. आजी मरेपर्यंत मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची. पाऊस पडला आणि आजी परत शाळूच्या भाकरीवर आली, कारण रान होतं, बियाणं होतं. इथं रान गेलं, पिढ्यान् पिढ्या रेशनच राहिलं, मग मिलोचीच सवय लागणार ना. आणि आपण तरी काय, रेशनवर गहू-तांदूळ सुरू झाला आणि ज्वारीच्या मुलखात रोजची चपाती आली, आता भाकरी खायला हायवेवरच्या हॉटेलात पैसे मोजतो.

मैद्याचं ते करतात काय तर डॅम्पर. निखाऱ्याच्या राखेत भाजलेला जाडजूड रोट, वरनं राख झटकायची, तोडायचा, सोबत गोड मिट्ट चहा. मी खाल्लाय. बाटीचा मोठा भाऊ. तूप असतं तर भारी लागला असता.

आता कोल्ड्रिंकचं बघू, कारण बाहेरचे सगळे त्याच्यावरच बोलतात. या दुकानात मोठ्या बाटल्या मागं ठेवल्यात, कोपऱ्यातल्या फ्रीजमध्ये, आणि दाराशी समोरच्या फ्रीजमध्ये नुसतं पाणी आणि बिनसाखरेचं. हे मी स्वतः हलवून दिलेत फ्रीज, दोन दिवसांचं काम होतं, तेव्हा मला वाटलेलं नसता उद्योग आहे. दुकानाला अधूनमधून भेट देणाऱ्या डाएटिशियन मॅडमनी मग समजावलं. उत्तरेकडच्या अर्नहेम लँडच्या बाजूची वगैरे मिळून २० दुकानं घेऊन, त्यातल्या दहांत बारा आठवडे हाच प्रयोग झाला होता, साखरेच्या वस्तूंची जाहिरात, मोक्याची जागा, मोठ्या बाटल्या काढल्या, आणि विकल्या गेलेल्या साखरेत २.८ टक्के घट झाली, दुकानाचा धंदा न बुडता. २.८ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणलं, तर त्या म्हणाल्या एका फ्रीजची जागा बदलून एवढं होतंय, अजून काय पाहिजे. आणि त्याच्या आधी २०१३-१४ मध्ये २० गावांत फळं, भाजी, पाण्यावर २० टक्के सूट देऊन बघितली होती, फळं-भाजीचा खप १२.७ टक्क्यांनी वाढला. किंमत कमी केली की लोक भाजी घेतात, हे सिद्ध करायला मोठा अभ्यास लागला, मंडईतल्या मावशीला विचारलं असतं तर सूर्य डोक्यावर यायच्या आत सांगितलं असतं.

पण पाणी कसलं आहे ते बघा ना. या भागात पाणी बोअरचं, जड, किटलीत पांढरा थर, तोंडाला खारट. लारांबा नावाच्या गावात तर पिण्याच्या पाण्यात युरेनियमच ठरवलेल्या मर्यादेच्या वर होतं, वर्षानुवर्षं, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. ४४ डिग्रीत, खारट कोमट नळ एका बाजूला आणि गार गोड बाटली दुसऱ्या बाजूला, माणूस कुठं हात घालेल? या दुकानाला एक पूर्ण गुण द्यायचा तर तो बाहेरच्या व्हरांड्यातल्या फुकट गार पाण्याच्या नळासाठी. फिल्टरवाला, कूलरचा. पोरं शाळेतनं येताना रांग लावून पितात. तो कूलर मी बसवलाय, त्यामुळे या मुद्द्यावर मी निष्पक्ष नाही.

एक पूर्ण स्टार मात्र मी टेकअवे काउंटरवर कापलाय आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. सकाळी नऊला उघडल्यापासून तळण, तळण आणि तळण. पाय, चिप्स, चिकन विंग्ज, डिम सिम (तळलेले मोमोच समजा). ज्या गावात घरी शिजवायची सोय निम्म्या घरांत धड नाही तिथं हे काउंटर म्हणजे गावाचं स्वयंपाकघर आहे, रोजचं. तिथं एक मोठं पातेलं स्टूचं का नसावं? कांगारूचं किंवा बीफचं, बटाटा-गाजर घालून, भातावर वाढून दहा डॉलरला. मॅनेजरबाई म्हणाल्या गेल्या हिवाळ्यात चालू केलं होतं, सगळं संपायचं, मग ती स्टू करणारी बाई बहिणीकडं दुसऱ्या गावी गेली आणि बंद पडलं. मग दुसरीला शिकवा! फ्रायरला मात्र सुट्टी नाही, तो बिघडला की मला दोन तासांत तीन फोन.

हे सगळं चिडून लिहितोय कारण क्लिनिकमधला फ्रीज बघायला गेलो की बाकावर कोण बसलेलं असतं ते दिसतं. सेंट्रल ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अ‍ॅबोरिजिनल माणसांमध्ये दहापैकी जवळजवळ चौघांना टाइप २ डायबेटीस आहे, २०२२ मध्ये छापून आलेला आकडा. किडन्या गेल्या की डायलिसिसला गाव सोडून अ‍ॅलिसला, आठवड्यातनं तीनदा, म्हणजे गाव सुटलंच. पिंटुपी चित्रकारांनी २००० साली चित्रं काढून सिडनीत लिलाव केला, दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमवले आणि त्यातनं २००४ मध्ये किंटोर गावात स्वतःचं डायलिसिस मशीन आणलं, आता त्याला पर्पल हाउस म्हणतात आणि बऱ्याच गावांत त्यांच्या खुर्च्या आहेत. सरकारची वाट बघत बसले नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी एक दिवस गप्पच होतो.

आणि उलटा रस्तापण कुणीतरी करून बघितलाय. १९८२ मध्ये केरिन ओडी नावाच्या संशोधक बाई पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात डर्बीजवळच्या दहा डायबेटीसवाल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांबरोबर सात आठवडे त्यांच्या मूळ मुलखात राहायला गेल्या. दुकान नाही, शिकार, मासे, रानातले कंद, मध, एवढंच. सात आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरलं आणि रक्तातली साखर खूपच सुधारली. पण तिकडं जायला गाडी लागते, गाडीला ओपल लागतं, बंदुकीचं लायसन्स लागतं, आणि सोबत रस्ता ठाऊक असलेला म्हातारा लागतो, ज्याला आठवड्यातनं तीनदा मशीनला बसायचंय.

दुकानाच्या वेळा सांगायच्या राहिल्या. सकाळी ९ ते १२, दुपारी २ ते ५, शनिवारी सकाळीच, रविवारी बंद. शिवाय गावात कुणी गेलं की सॉरी बिझनेस, म्हणजे दुखवटा, दुकान बंद, एक दिवस, दोन दिवस. मार्चमध्ये मी त्यात अडकलो आणि दोन दिवस इन्स्टंट नूडल्स आणि गाडीतल्या चिवड्यावर काढले. याला एकपण स्टार कापायचा नाही, कुणी कापला असेल तर काढून टाका. आपण जाताना डबा न्यायचा. गेलेल्या माणसाचं नावपण घ्यायचं नाही, विचारायचं नाही. आणि फोटो काढत सुटू नका.

आपल्या लोकांसाठी दोन शब्द. तूरडाळ नाही, लाल मसूर कधी असते कधी नाही. तांदूळ आहे. कडीपत्ता, हिरवी मिरची विसरा, वाळलेल्या मिरच्यांची बरणी आहे, चालते. दही मिळतं पण गोडाचं, साधं फक्त बुधवारी, आणि त्यावर शाळेतली टीचर आणि माझी अशी दोघांची नजर असते. गव्हाचं पीठ हवं असेल तर अ‍ॅलिसमधनं न्या.

फ्रीझरच्या खालच्या खणात केसांसकट गोठवलेल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या लांबलचक शेपट्या दिसतील, दचकू नका. तोच इथला सगळ्यात खपणारा फ्रोजन माल, वीस-बावीस डॉलरला एक. इथल्या लोकांच्या भाषेत कुका म्हणजे मांस आणि माई म्हणजे रानातलं बाकीचं खाणं, आणि मालू म्हणजे कांगारू. फ्रीज दुरुस्तीचे मी आँटींकडनं पैसे घेतले नव्हते, घेणार कसले, दुरुस्तच काही केलं नव्हतं, वीस डॉलरचा रिचार्ज मारला एवढंच. तर संध्याकाळी त्यांचा नातू बोलवायला आला. घरामागं जाळ केला होता. शेपट्या आधी ज्वाळेत फिरवून केस जाळले, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढले, चांदीच्या कागदात गुंडाळल्या आणि निखाऱ्यात पुरल्या. तासाभरानं काढल्या तर कातडीखालचं सगळं पायासूपासारखं चिकट, हाडाला धरून ओढायचं. मीठ नाही, मसाला नाही, आणि तरी मी बोटं चाटली. पोरांना आधी, म्हाताऱ्यांना मऊ भाग, कुणाला कुठला तुकडा ते न बोलता ठरलेलं. मला टोकाकडचा मिळाला. चौदा होते ते मोजता मोजता एकवीस झाले आणि दोन शेपट्या पुरल्या, कशा पुरल्या मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं, पालया? म्हणजे बरंय का. आँटी म्हणाल्या, पालया, पण पुढच्या वेळी येताना सफरचंदं आण, अ‍ॅलिसमधली, तिथं स्वस्त असतात.

आता पुढच्या बुधवारी जातोय, कोल्डरूमचा फॅन परत आवाज करतोय म्हणे. मागच्या सीटवर दहा किलोचं खोकं बांधून ठेवलंय. केळ्यांपासून लांब.